लोखंडाला चिंच-मीठ

आधी चहा येऊ दे. आणि एक अट आहे, मध्ये हसायचं नाही! शेवटी पोट धरून हसा, माझी काही हरकत नाही. पण मध्येच हसलात तर पुढचं सांगायचा मला धीर होणार नाही, कारण पुढे माझी जी शोभा झालीय ना, ती आठवली की अजून कान गरम होतात.

तर मंडळी, आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल माझ्या हातून गेला.

डोळे मोठे करू नका हो. आम्ही कोलशेतला राहतो हे खरं, पण ते गेटवर सलाम ठोकणारे टॉवर वेगळे. आमची आपली सात मजल्यांची साधी इमारत. आमचा पूल म्हणजे जमिनीवर उभा करायचा प्रकार. लोखंडी पाईपांचा सांगाडा आणि त्यात अडकवलेली निळ्या जाड कापडाची भली मोठी पिशवी. पंधरा फूट लांब, कमरेएवढी खोल, आतून डॉल्फिनची चित्रं. एका रहिवाशाने घर सोडून जाताना तो सोसायटीला ‘प्रेमाने’ दिला. म्हणजे नव्या घरात जागा नव्हती.

मे महिन्यात त्यात पोरं डुंबतात आणि भाद्रपदात गणपती. हो, विसर्जन! खाडीवर जायला नको, रांग नको, ट्रॅफिक नको. आवारात हौद उभा करायचा, आरती करायची आणि बाप्पांना तिथेच निरोप द्यायचा. पहिल्या वर्षी आतले डॉल्फिन चालतील का यावर दोन सभा झाल्या. मग कोणीतरी मत्स्यावताराचा दाखला दिला आणि ठराव मंजूर. डॉल्फिन मासा नाही असं सहाव्या मजल्यावरच्या बायोलॉजीच्या बाई सांगत होत्या, त्यांना कोणी बोलूच दिलं नाही.

या सोसायटीचा सेक्रेटरी मी. सेक्रेटरी कसा झालो? निवडीच्या सभेला मी उशिरा पोचलेलो, एवढंच माझं कर्तृत्व.

पण माझी खरी ख्याती वेगळीच होती. मी डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत नोकरीला आहे. आता रंगाच्या कंपनीत माणूस काय काय करतो? कोणी रंग बनवतो, कोणी तपासतो. मी डब्यावरच्या लेबलांचा मजकूर बघतो. काना, मात्रा, वेलांटी. चोवीस वर्षं. रंगाच्या डब्यात आजतागायत मी बोटसुद्धा बुडवलेलं नाही.

झालं काय, एकदा लिफ्टमध्ये कोणीतरी खिडकीच्या ग्रिलला गंज चढल्याचं रडगाणं गायला लागलं. मला लेबल पाठ! मी सुरू केलं, “पृष्ठभाग स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करून घ्यावा. सुटा गंज खरवडून काढावा. रंगाच्या दोन हातांमध्ये आठ तासांचं अंतर ठेवावं.” लिफ्टमधली माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, की तिसऱ्या मजल्यावर उतरायची माणसं पाचव्यापर्यंत आली. त्या दिवसापासून मी गंजाचा डॉक्टर. कोणाची सायकल, कोणाचं कपाट, कोणाची इस्त्री, सगळे पेशंट माझ्याकडे. मी सगळ्यांना तेच लेबल म्हणून दाखवायचो.

खरं काय ते सांगून टाकायचं की नाही? नाही सांगितलं. मान मिळत होता, आणि मानाला कोण नको म्हणतं? माझ्या बायकोला, मेधाला तेवढं ठाऊक होतं. ती म्हणायची, “अहो, एक दिवस खरा पेशंट येईल हं.”

तो आला! चतुर्थीच्या आठ दिवस आधी.

आम्ही पंपाच्या खोलीतून हौदाचे पाईप बाहेर काढले आणि माझी दातखीळ बसली. मागल्या वर्षी पांढरेशुभ्र असलेले पाईप नारिंगी झालेले. हात लावला की पापुद्रे निघत होते. जिथे पाईपात पाईप बसतो त्या जोडांवर तर गंज फुगून आलेला. कारण? मागल्या वर्षी ते ओलेच बांधून ठेवले. आणि तेव्हा देखरेखीला कोण होतं? मीच. वर वाटली डाळ संपत आल्याची बातमी आली होती, म्हणून “चला, चला, आटपा” करत होतो.

एवढ्यात काठीचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनीकाकू. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. काका गेल्यापासून सगळं त्याच करतात. आमचा हौद नव्हता तेव्हा पुतण्या मूर्ती खाडीवर घेऊन जायचा आणि काकू गॅलरीतून हात जोडायच्या. घाटाच्या पायऱ्या त्यांना जमत नव्हत्या. हौद आल्यापासून त्या स्वतःच्या हाताने विसर्जन करतात.

त्या पाईपांकडे बघत म्हणाल्या, “शिरीष, यंदा हौद उभा राहील ना रे?”

“म्हणजे काय काकू! माझ्यावर सोडा.”

“सोडलं. पुढच्या वर्षी हे हात मूर्ती पेलतील की नाही, मला सांगता येत नाही. यंदा पेलतात. म्हणून विचारलं.”

आता असं कोणी बोलल्यावर माणसाने काय करावं? शहाणा असेल तर जाणकाराला गाठावं. जाणकार तर समोरच उभा होता! तळमजल्यावरचे पांडूनाना. जातीचे कोळी, सगळा जन्म खाडीत होडीवर गेलेला. आता पोराकडे राहतात. त्यांनी एक पाईप उचलला, नखाने टोकरला, जोडाला डोळा लावून आत पाहिलं.

“सेक्रेटरी, ह्ये दोन पाय ग्येले. बदल. बाकीचं पॉलिश-कागदानी घास, पुसून उनात टाक, लाल प्रायमर मार, मंग रंग. सुकू दे बराबर. घाई नाय करायची.”

म्हणजे बघा, माझंच लेबल ते मला कोळी बोलीत सांगत होते! आणि मी काय केलं? मी हसलो. “नाना, ही होडी नाही हो. हा इम्पोर्टेड पूल आहे.”

नानांनी पाईप खाली ठेवला आणि गेले.

घरी आलो. मेधा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पूजेची भांडी घासत होती. तांब्या, पळी, ताम्हन, समया. चिंचेचा कोळ, वर मीठ, बोटांनी चोळायचं, पाण्याखाली धरायचं. काळंकुट्ट ताम्हन बघता बघता लखलखायला लागलं. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला!

“अगं! पाईपांना हेच लावलं तर?”

“ते लोखंड आहे. हे तांबं आहे.”

“धातू तो धातू!”

“अहो, तवा कधी चिंचेने घासलेला बघितलाय मला?”

आता हा केवढा मोठा इशारा होता! पण डॉक्टरला नर्सने शिकवायचं म्हणजे काय? मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी या नात्याने संदेश टाकला: ‘रविवारी सकाळी हौदाची पारंपरिक पद्धतीने गंजमुक्ती. केमिकलविरहित. घरटी मूठभर चिंच आणि मूठभर मीठ आणावे.’ खाली हात जोडल्याची सहा चित्रं.

काय प्रतिसाद सांगू! ‘पारंपरिक’ आणि ‘केमिकलविरहित’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडे माणसं काहीही करायला तयार होतात. कोणी लिहिलं, आपले पूर्वज किती पुढे होते. अहो, पूर्वजांनी पाईपांचा पूल कधी पाहिला होता? पण मीही त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झालो.

रविवारी आवारात जत्रा. अठ्ठावीस घरांची चिंच! कोणाची गावची बरणीतली, कोणाची बिया-दोरांसकट, एकाने तर भेळेबरोबर आलेल्या चटणीच्या पुड्या आणल्या. काकूंनी वरून वाटीभर पाठवली, सोबत चिठ्ठी: ‘जुनी आहे, चांगली धरेल.’ बायका पदर खोचून बसल्या आणि पाईपांना असं चोळायला लागल्या जणू अठ्ठावीस घरची ताम्हनं एकाच वेळी निघालीत.

नाना कठड्यावर बसून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

“आरं सायबा, लोखंडाला मीठ चोलतंस? आमी जल्मभर लोखंडाचं मीठ धुतलं, नि तू वरून लावतंस?”

“नाना, यात शास्त्र आहे,” मी म्हणालो. कुठलं शास्त्र, ते मला माहीत नव्हतं.

पण चमत्कार झाला हो! खरंच झाला! नारिंगी थर विरघळला आणि खालून पाईप चांदीसारखे निघाले. लोक टाळ्या वाजवायला लागले. आता यावर पाणी ओतून, पुसून, सुकवायचं की नाही? मेधा बादली घेऊन उभीच होती. मी तिला अडवलं.

“थांब, थांब. जरा मुरू दे.”

“लोणचं आहे का ते?”

“आत जोडापर्यंत उतरायला हवं.” आणि वरून पाऊस भुरभुरायला लागला म्हणून मी सगळे पाईप त्याच चिंच-मिठासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बांधून टाकले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमचे चेअरमन कदमसाहेब! या माणसाला सत्काराची भयंकर हौस. त्यांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी नसेल, पण दोन शाली कायम असतात. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि भाषण ठोकलं. “शिरीषराव म्हणजे आपल्या सोसायटीचं भूषण! परदेशात हेच ज्ञान पेटंट घेऊन विकतात!” फोटो निघाले. मी हात जोडून, मान तिरकी करून, विनम्र दिसायचा सराव असल्यासारखा उभा होतो.

मंगळवारी ऑफिसला निघण्यापूर्वी सहज प्लास्टिक उघडलं.

काय सांगू! रविवारी जे पाईप चांदीसारखे निघाले होते, त्यांच्यावर आता सगळीकडे गंज. वरचा जो काही राखणारा थर होता तो चिंचेने खाऊन टाकलेला आणि उघड्या लोखंडावर मिठाने ताव मारलेला. गाजराचा हलवा सांडावा तसे पाईप दिसत होते. वास मात्र छान येत होता, चटकदार.

मी धावत वर गेलो. मेधाला खाली आणून दाखवलं. तिने बघितलं, आणि चक्क हसली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

“सगळ्यांना सांगा,” ती म्हणाली. “अजून चार दिवस आहेत. नानांना बोलवा, ते नीट करतील.”

“आणि शाल?”

“काय शाल?”

“परवा शाल घेतली आणि आज सांगू की चुकलं? फोटो टाकलेत ग्रुपवर!”

“अहो, काकूंना शब्द दिलाय तुम्ही.”

“म्हणूनच तर! त्यांना उगीच काळजी नको.”

माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतो बघा. काळजी काकूंची नव्हतीच, शालीची होती. संध्याकाळी मी कंपनीतून चंदेरी रंगाचा डबा आणला आणि पंपाच्या खोलीचं दार लावून, ओल्या गंजावर, मिठावर, चिंचेच्या दोरांवर, सगळ्यावर एकच जाड हात फिरवला. चोवीस वर्षं ज्या डब्यावर ‘पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून घ्यावा’ हे मी तपासून छापायला देतोय, तो डबा माझ्या हातात होता! अक्षरं माझ्याकडे बघत होती. मी डबा फिरवून हिंदीची बाजू समोर घेतली. तिथेही तेच लिहिलेलं.

चतुर्थी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौद उभा राहिला. काय दिसत होता! लग्नाच्या घोड्यासारखा चकचकीत. कदमसाहेबांनी त्याच्यासमोर पुन्हा फोटो काढले. नाना लांबूनच एका पायाकडे टक लावून बघत होते. म्हणाले, “सेक्रेटरी, आत काय हाय, रंग का पाईप?” मी ऐकलं नाही असं दाखवलं. बोअरचं पाणी सोडलं. हौद काठोकाठ भरला.

चार वाजता काकू खाली आल्या, चाकाच्या खुर्चीत. मोरपिशी नऊवारी, मांडीवर पाट, पाटावर शाडूची वीतभर मूर्ती. पहिला मान त्यांचा. मागे अकरा घरांचे दीड दिवसाचे गणपती रांगेत. काकूंनी मला जवळ बोलावलं.

“नीट आहे ना रे सगळं?”

मंडळी, इथे मला संधी होती. शेवटची. सगळी आरतीच्या तयारीत होती, एक वाक्य कानात सांगितलं असतं तर अर्ध्या तासात पाणी उपसून काहीतरी करता आलं असतं.

मी म्हणालो, “एकदम ठणठणीत, काकू.”

आरती सुरू झाली. टाळ, झांजा, कदमसाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर. आणि आरती संपायच्या बेतात असताना ‘टक्’ असा आवाज आला. मग ‘कर्र’. नाना ज्या पायाकडे बघत होते तो पाय गुडघ्यात मोडल्यासारखा वाकला. शेजारचा जोड उसवला. रंगाचं कवच एकीकडे, आतला भुसा दुसरीकडे. हौदाची एक बाजू पडली आणि सगळं पाणी एकदम बाहेर!

आरतीसाठी सगळ्यांनी चपला एका कडेला काढून ठेवलेल्या. अठ्ठावीस घरांच्या चपला तरंगत, एकमेकींना धक्के देत गेटकडे निघाल्या. त्यांच्या पुढे कदमसाहेबांची कोल्हापुरी, इथेही चेअरमनच. लोक चपलांच्या मागे, वॉचमन लोकांच्या मागे, ‘दुसरी धर, दुसरी धर’ असा गलका. कोणाला लागलं नाही, एकही मूर्ती पडली नाही, ही त्याचीच कृपा.

मला हसू आलं असेल असं वाटतं तुम्हाला? मी काकूंकडे बघितलं. पाणी त्यांच्या खुर्चीच्या चाकांपर्यंत येऊन गेलेलं. त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, आणि त्या रिकाम्या पिशवीतल्या डॉल्फिनांकडे बघत होत्या. पुतण्या हळूच म्हणाला, “काकू, द्या इकडे, मी खाडीवर जाऊन येतो.” त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. उलट मूर्ती आणखी घट्ट धरली. मंडळी, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

तेव्हा नाना उठले. कोणाला काही विचारलं नाही. मांडवाचे उरलेले बांबू काढायला लावले, घरातून जाळ्याचा दोर आणला आणि जमिनीत खुंट्या ठोकून, बांबू आडवे-उभे करकचून बांधून नवा सांगाडा उभा केला. पिशवी आत टांगली. एक खिळा नाही, एक पाईप नाही. मी पुढे झालो, “नाना, मी काय करू?”

“तू? तू तितं लांब उबा ऱ्हा, नि पाईप धर. पान्याचा.”

कोणीतरी विचारलं, “नाना, काठोकाठ भरायचं ना?”

“गुरघाभर बास. देवाला पवायचं नाय, बुरायचं हाय.”

अंधार पडायच्या आत हौद तयार झाला. एका बाजूने नानांनी, दुसऱ्या बाजूने मेधाने काकूंना धरलं. काकू वाकल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मूर्ती पाण्यात सोडली. एकदा वर काढली, पुन्हा बुडवली, तिसऱ्यांदा हात रिकामे बाहेर आले. मी लांब पाण्याचा पाईप धरून उभा होतो आणि चक्क रडत होतो. शेजारचे म्हणाले, “शिरीषराव किती भाविक आहेत!” म्हणजे बघा, अजूनही!

प्रसादाच्या वेळी मी काकूंसमोर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. लेबल, चिंच, शाल, चंदेरी रंग, सगळं, सगळ्यांच्या देखत. काकूंनी शांतपणे ऐकलं.

“चिंचेचं चुकलं, ते मूर्खपणाचं होतं. त्याला मी पाच मार्क कापते. रंग लावलास त्याला शून्य.” आणि मग हातावर वाटली डाळ ठेवली. “खा. ओलं काही बांधून ठेवू नको पुन्हा, मनातसुद्धा.”

मला वाटलं, सुटलो. महिनाअखेरीस सर्वसाधारण सभा होती. विषयपत्रिका संपली, चहा येतच होता, तेवढ्यात काकू काठी टेकत उभ्या राहिल्या. “ऐनवेळचा विषय. ठराव मांडते. सोसायटीच्या मालकीच्या कोणत्याही लोखंडी वस्तूस सेक्रेटरींनी हात लावू नये. लावायचाच झाल्यास पांडूनानांची परवानगी घ्यावी.”

आमच्या सोसायटीत आजवर एकही ठराव एकमताने झालेला नाही. लिफ्टच्या पंख्यावर तीन वर्षं वाद चाललाय. यावर मात्र सगळे हात वर! सेक्रेटरी म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझंच. मान खाली घालून लिहीत होतो: सूचक, नलिनीकाकू. अनुमोदक...

“कोणाचं अनुमोदन?” कदमसाहेबांनी विचारलं.

“माझं,” मागून मेधाचा आवाज आला. “फक्त एक दुरुस्ती आहे. त्यातला ‘लोखंडी’ हा शब्द काढून टाकावा.”

दुरुस्तीसह ठराव मंजूर. खाली सही माझी.